तीन बाजूंना खासदार बाई, मध्ये बीदर–कलबुर्गी

(सीमाभागातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या भोवतीने नकाशावर बोट फिरवले, तर लोकसभेच्या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. उत्तरेला लातूर. तिथून २००४ साली रूपाताई पाटील निलंगेकर खासदार झाल्या, आणि त्याही शिवराज पाटील चाकूरकरांसारख्या सात वेळा निवडून आलेल्या नेत्याला हरवून. शेजारी उस्मानाबाद, आताचे धाराशिव. तिथून त्याच वर्षी कल्पना नरहिरे. औरादला लागून असलेल्या नांदेडमधून १९९१ मध्ये सूर्यकांता पाटील निवडून आल्या. त्या पुढे हिंगोलीतून पुन्हा लोकसभेत पोचल्या आणि केंद्रात राज्यमंत्रीही झाल्या. पश्चिमेला अक्कलकोट ओलांडले की सोलापूर, तिथे २०२४ मध्ये प्रणिती शिंदे. पूर्वेला, आजच्या तेलंगणात, संगम लक्ष्मीबाई १९५७ मध्ये विकाराबादमधून आणि १९६२ व १९६७ मध्ये मेदकमधून लोकसभेत गेल्या. त्याच मेदकने १९८० मध्ये इंदिरा गांधींना निवडून दिले.

मधल्या दोन जिल्ह्यांनी १९५२ पासून २०२४ पर्यंतच्या अठरा सार्वत्रिक निवडणुकांत एकाही स्त्रीला लोकसभेत पाठवलेले नाही.

या व्याख्यानाचा विषय ‘स्त्रिया आणि देशाचे सर्वोच्च राजकीय पद’ असा आहे. या विषयावर बोलायचे तर सहसा दिल्लीपासून सुरुवात होते, किंवा त्याहून लांब, लंडन-वॉशिंग्टनपासून. पण देशाचा पंतप्रधान साधारणपणे कुठल्या तरी मतदारसंघातून निवडून येतो, त्या मतदारसंघासाठी त्याला कुठला तरी पक्ष तिकीट देतो, आणि त्याआधी कुठल्या तरी तालुक्यात त्याने माणसे जोडलेली असतात. म्हणून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथून सुरुवात केलेली बरी. हे चारही तालुके बीदर लोकसभा मतदारसंघात येतात आणि चारही ठिकाणी मराठी घराघरांत बोलली जाते.

इथला मतदार मागासलेला, बाईला मत द्यायला तयार नाही, असे उत्तर पटकन पुढे येते. ते टिकत नाही. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे आणि पुढे महाराष्ट्रात गेले, भालकी-औराद-बसवकल्याण तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे आले. सोलापूर सोडले तर वर सांगितलेले सारे मुलूख एकाच निजामी राजवटीत वाढले. तोच दुष्काळ, तीच रझाकारी, तीच सप्टेंबर १९४८ ची मुक्ती. रोटी-बेटीचा व्यवहार आजही अखंड चालू आहे. भालकीची लेक उदगीरला दिली जाते, निलंग्याची मुलगी सून होऊन बसवकल्याणला येते. एकाच घरातल्या दोन बहिणींपैकी लातूर जिल्ह्यात नांदणाऱ्या बहिणीने स्त्री खासदार पाहिली आणि सीमेच्या अलीकडे राहिलेल्या बहिणीने पाहिली नाही. बहिणींचे संस्कार वेगळे नव्हते. वेगळी होती ती पक्षांची उमेदवारांची यादी.

या दख्खनने तर देशपातळीवरच्या स्त्री नेत्यांना पडत्या काळात हात दिलेला आहे. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. लोकसभेत परत यायचे तर सुरक्षित जागा हवी होती, आणि ती कर्नाटकात चिकमगळूरला सापडली. नोव्हेंबर १९७८ च्या त्या पोटनिवडणुकीकडे अवघ्या देशाचे डोळे लागले होते. जनता पक्षाने त्यांच्यासमोर उभे केले ते वीरेंद्र पाटील यांना. हे पाटील म्हणजे गुलबर्गा, आताच्या कलबुर्गी, जिल्ह्यातल्या चिंचोळीचे. माजी मुख्यमंत्री, स्वच्छ प्रतिमेचा माणूस. इंदिरा गांधी सत्तर हजारांहून अधिक मतांनी जिंकल्या. डिसेंबरात लोकसभेने त्यांचे सदस्यत्व काढून घेतले आणि अधिवेशन संपेपर्यंत त्यांना तुरुंगात पाठवले. तरीही १९८० मध्ये त्या पंतप्रधान म्हणून परतल्या. त्या वेळी रायबरेली आणि मेदक अशा दोन्ही जागा त्यांनी जिंकल्या आणि ठेवली ती मेदकची. ३१ ऑक्टोबर १९८४ ला त्यांची हत्या झाली तेव्हा त्या मेदकच्या खासदार होत्या, म्हणजे बीदरच्या अगदी शेजारच्या. ज्या वीरेंद्र पाटलांना त्यांनी हरवले होते, ते नंतर त्यांच्याच मंत्रिमंडळात आले आणि १९८४ मध्ये गुलबर्ग्यातून खासदार झाले.

पुढे १९९९ मध्ये बळ्ळारी. हाही आजच्या कल्याण-कर्नाटकातलाच जिल्हा. सोनिया गांधी पहिल्यांदाच निवडणूक लढवत होत्या, समोर सुषमा स्वराज. सुषमाताईंनी प्रचारात कन्नडमधून भाषणे केली आणि बळ्ळारीकरांना ती फार आवडली. लढत चुरशीची झाली, सोनिया गांधी छप्पन्न हजारांच्या फरकाने जिंकल्या. अमेठीही जिंकल्यामुळे त्यांनी बळ्ळारी सोडली. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्या निवडणुकीत बळ्ळारीच्या मतदारापुढे खऱ्या अर्थाने दोनच पर्याय होते आणि दोन्ही स्त्रिया होत्या. बाई की बुवा हा प्रश्नच उरला नव्हता. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, त्याच बळ्ळारीने जे. शांता या स्थानिक स्त्रीला लोकसभेत पाठवले.

गुलबर्ग्याची जागाही एकदा बाहेरच्या नेत्यासाठी रिकामी झाली होती. १९८० मध्ये धरमसिंग तिथून निवडून आले होते. केरळचे सी. एम. स्टीफन दिल्लीत अटलबिहारी वाजपेयींकडून हरले होते आणि इंदिरा गांधींना ते सभागृहात हवे होते. धरमसिंगांनी राजीनामा दिला, पोटनिवडणूक झाली, आणि कन्नड, उर्दू, मराठी, तेलुगू बोलणाऱ्या गुलबर्ग्याच्या मतदारांनी मल्याळी माणसाला निवडून दिले. जो मतदारसंघ परप्रांतीय उमेदवाराला इतक्या मोठ्या मनाने आपला मानतो, तो आपल्याच गावच्या बाईला नाकारेल, असे म्हणायला आधार कोणता? नाकारायचे तर आधी ती उमेदवार म्हणून समोर आली पाहिजे.

बीदरच्या मातीला स्त्रीची सत्ता नवी नाही. किल्ल्यातल्या तख्तमहालाचे, रंगीन महालाचे वर्णन करणारे वाटाडे एका बाईचे नाव क्वचितच घेतात. इतिहासात ती तिच्या किताबानेच ओळखली जाते: मख्दूमा-ए-जहाँ. बहमनी सुलतान हुमायून १४६१ मध्ये वारला तेव्हा गादीवर बसलेला मुलगा, निजामशाह, आठ वर्षांचा होता. राज्याचा कारभार तिघांच्या मंडळाकडे आला: ख्वाजा-ए-जहाँ तुर्क, महमूद गवान, आणि या दोघांच्या वर राजमाता. ती दरबारात बसत नसे. रोज सकाळी वजीर येत, माह बानू नावाची बाई आत निरोप नेई आणि आतून हुकूम घेऊन येई. इतिहासकार फिरिश्ताने हे लिहून ठेवले आहे. बीदरचे राज्य काही काळ या माह बानूच्या पायांवर चालत होते. पडद्याच्या आत आणि बाहेर, आत आणि बाहेर.

मूल गादीवर आणि कारभार बाईच्या हाती, हे कळताच शेजारी तुटून पडले. ओरिसाची फौज बीदरच्या जवळ येऊन परतली. १४६२ मध्ये माळव्याचा महमूद खलजी चालून आला, बहमनी सैन्याचा पराभव झाला, बीदर शहर शत्रूच्या हाती जाण्याची वेळ आली. राजमातेने पोराला घेऊन भीमेच्या काठचे फिरोजाबाद गाठले. आज ते कलबुर्गी जिल्ह्यात आहे. गुजरातच्या सुलतानाकडे मदत मागण्यात आली, ती आली, आणि माळव्याची फौज माघारी वळली. पुढच्याच वर्षी निजामशाह वारला. तिने दुसऱ्या मुलाला, तिसऱ्या मुहम्मदशाहाला, गादीवर बसवले आणि कारभार तसाच पुढे रेटला. ख्वाजा-ए-जहाँ मनमानी करू लागला तेव्हा त्याचा काटा काढण्यामागेही तीच होती. मुलगा हाताशी आल्यावर ती बाजूला झाली. पण १४७२ च्या बेळगावच्या मोहिमेत ती मुलाबरोबर होती, त्या मोहिमेतच तिचा अंत झाला आणि तिचे शव बीदरला आणण्यात आले.

महमूद गवानचा मदरसा बीदरच्या मधोमध उभा आहे. त्याच्या मिनारावरच्या निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे अजून उन्हात चमकतात, शाळेच्या सहली तिथे थांबतात. ज्या बाईने या गवानला कारभारात बरोबरीने उभे केले, सांभाळले आणि वाढू दिले, तिच्याविषयी त्या मुलांना कोणी काही सांगत नाही.

अशीच गत शेजारच्या निजामशाहीत झाली. तालिकोटच्या लढाईनंतर लगेच, १५६५ मध्ये, हुसेन निजामशाह वारला आणि त्याची बेगम खुंजा हुमायून मुलाच्या नावाने अहमदनगरचे राज्य चालवू लागली. काही वर्षांनी त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या नावाची सचित्र हस्तलिखित पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्या चित्रांत सुलतानाच्या शेजारी बेगम रंगवलेली होती. बहुतेक चित्रांतून ती नंतर पुसून टाकण्यात आली. सुलतान आहे, सिंहासन आहे, दासी आहेत, पंखे आहेत, आणि सुलतानाच्या बाजूला रंग फासलेली जागा आहे. तिची सत्ता गेल्यावर कोणाला तरी तिचे चित्रसुद्धा सहन झाले नाही. दख्खनच्या राजकारणात स्त्रीच्या वाट्याला काय आले, हे समजून घ्यायला या एका पोथीपाशी थोडा वेळ थांबावे.

याच खुंजा हुमायूनची लेक चांदबिबी. विजापूरच्या आदिलशाहीत ती सून म्हणून गेली आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर अल्पवयीन इब्राहीमच्या नावाने तिने कारभार पाहिला. माहेरी परतून १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यातून तिने अहमदनगरचा किल्ला राखला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात भिंत बांधून काढली. पुढच्या वेढ्यात ती आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. तिची गोष्ट जगभर पोचवली ती मेडोज टेलरने. सुरपूर संस्थानात आणि नळदुर्गला अधिकारी म्हणून वर्षानुवर्षे राहिलेल्या या माणसाने १८७८ मध्ये तिच्यावर इंग्रजीत कादंबरी प्रसिद्ध केली.

मख्दूमा-ए-जहाँ, खुंजा, चांदबिबी, आणि मराठ्यांच्या बाजूला करवीरची ताराबाई: या साऱ्याजणी राज्य चालवू शकत होत्या, हे त्यांनी दाखवून दिले. पण गादीवर नाव असे ते मुलाचे, भाच्याचे किंवा पुतण्याचे. दार उघडे ते घरातल्या पुरुषाच्या मृत्यूने, आणि बंद होई ते मुलाच्या मिसरूड फुटण्याने.

लोकशाही आली तरी दक्षिण आशियात हे दार बरेचसे तसेच राहिले. १९६० मध्ये श्रीलंकेच्या सिरिमाओ बंदरनायके जगातल्या पहिल्या स्त्री पंतप्रधान झाल्या, त्या पतीच्या हत्येनंतर. बेनझीर भुत्तो, खालेदा झिया, शेख हसीना या सगळ्यांच्या मागे मारल्या गेलेल्या वडिलांची किंवा नवऱ्याची सावली आहे. या बायकांनी नंतर स्वतःचे राजकारण केले, बरे-वाईट दोन्ही केले, निवडणुका जिंकल्या, तुरुंग भोगले. घराण्यातून आल्या म्हणून त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पुरुषही त्याच घराण्यांतून येतात. पण येण्याच्या वेळेत फरक आहे, आणि तो फरक बीदर-कलबुर्गीत जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचित कुठे दिसत असेल.

२०२४ च्या लोकसभेला काँग्रेसने बीदरमधून सागर खंड्रे यांना उभे केले. आजोबा भीमण्णा खंड्रे माजी मंत्री, वडील ईश्वर खंड्रे त्या वेळी मंत्री. गुलबर्ग्यातून राधाकृष्ण दोड्डमनी उभे राहिले, ते पक्षाध्यक्ष मल्लिकार्जुन खर्गे यांचे जावई. दोघेही जिंकले. आता या भागात गेल्या काही वर्षांत विधानसभेसाठी पुढे आलेल्या स्त्रिया पाहाव्यात. गुलबर्गा दक्षिणमध्ये चंद्रशेखर पाटील रेवूर वारले, मग २०१० च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अरुणाताई निवडून आल्या. कमर-उल-इस्लाम २०१७ मध्ये वारले, मग २०१८ मध्ये त्यांच्या पत्नी कनीज फातिमा गुलबर्गा उत्तरमधून आमदार झाल्या. बसवकल्याणचे आमदार बी. नारायणराव २०२० मध्ये कोरोनाने गेले, मग त्यांच्या पत्नी मालाताईंना तिकीट मिळाले. मुलगा आणि जावई वडीलधारा सत्तेत असताना, त्याच्या हयातीत राजकारणात येतो. बायको येते ती कुंकू पुसल्यावर.

कनीज फातिमा २०२३ मध्ये पुन्हा निवडून आल्या. त्या वर्षी २२४ जणांच्या कर्नाटक विधानसभेत अवघ्या दहा स्त्रिया निवडून आल्या, त्यांतल्या त्या एक. २०२२ च्या हिजाबच्या वादात त्यांनी रस्त्यावर उतरून घेतलेली भूमिका कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण ती कोणाची पत्नी म्हणून नव्हे, लोकप्रतिनिधी म्हणून घेतलेली भूमिका होती. संधी सहानुभूतीतून मिळाली तरी पुढची वाट बाई स्वतः काढते, याचे हे जवळचे उदाहरण.

बसवकल्याणची एप्रिल २०२१ ची पोटनिवडणूक मराठी माणसाने विसरू नये अशी आहे. मतदारसंघात मराठा मतदार मोठ्या संख्येने आहे. निवडणूक लागण्यापूर्वी, नोव्हेंबर २०२० मध्ये, येडियुरप्पा सरकारने मराठा समाजासाठी विकास प्राधिकरण आणि पन्नास कोटी रुपये जाहीर केले. कन्नड संघटना खवळल्या, बंद पुकारला गेला. नंतर जानेवारीत नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी झाली. लिंगायत, मराठा, मुस्लिम, धनगर मतांची गणिते चौकाचौकांत मांडली जात होती. मालाताई त्या निवडणुकीत भाजपच्या शरणू सलगर यांच्याकडून वीस हजारांहून अधिक मतांनी हरल्या. त्या हरल्या ते बाई म्हणून, असे म्हणायला आधार नाही. पण मराठ्यांची मते मिळवण्यासाठी एवढी धावपळ झाली, आणि मराठी बोलणाऱ्या एखाद्या कर्तबगार बाईला उभे करावे असे कुठल्याही मोठ्या पक्षाला वाटले नाही, ही खंत उरते. आणि हे त्या कल्याणात, जिथे बाराव्या शतकात अनुभव मंटपात शरणी स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने बसून प्रश्न विचारत होत्या, जिथे अक्कमहादेवीने अल्लमप्रभूंच्या कठोर प्रश्नांना भर सभेत उत्तरे दिली.

मराठी मुलखात वेगळ्या वाटेने आलेल्या स्त्रियाही आहेत, आणि त्यांची आठवण इथे मुद्दाम करायला हवी. प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये जळगावातून आमदार झाल्या तेव्हा सत्तावीस वर्षांच्या होत्या आणि त्यांचे लग्नही झालेले नव्हते. पुढे त्या एकदाही निवडणूक हरल्या नाहीत. उपमंत्री, मंत्री, विरोधी पक्षनेत्या, राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार, राजस्थानच्या राज्यपाल, अशा पायऱ्या चढत २५ जुलै २००७ ला त्या देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या. भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेने त्या वेळी मराठी उमेदवार म्हणून त्यांना मत दिले. गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या शशिकला काकोडकर १९७३ मध्ये, वडिलांच्या निधनानंतर, मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत राहिल्या. त्याआधी वडिलांच्याच मंत्रिमंडळात त्यांनी राज्यमंत्री म्हणून काम केले होते, त्यामुळे खुर्चीवर बसल्या त्या नवख्या म्हणून नव्हे. महाराष्ट्राला आणि कर्नाटकाला मात्र अजून स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. आणि सीमाभागातच, निपाणीत, शशिकला जोल्ले २०१३ पासून सलग तीनदा आमदार झाल्या. तिथे उलटा क्रम घडला: बाई आधी विधानसभेत गेल्या, यजमान अण्णासाहेब जोल्ले २०१९ मध्ये चिक्कोडीतून लोकसभेत गेले. २०२४ मध्ये त्यांना हरवले तेही प्रियांका जारकीहोळी या तरुण मुलीने. बेळगावच्या बाजूला हे घडते, तर बीदरच्या बाजूला का घडू नये?

घडत नाही याचे एक कारण पायऱ्यांत आहे. कर्नाटक या बाबतीत देशाच्या पुढे होते. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री आणि अब्दुल नझीरसाब पंचायत राज मंत्री असताना झालेल्या कायद्याने स्थानिक संस्थांत स्त्रियांना पंचवीस टक्के जागा मिळाल्या आणि १९८७ मध्ये निवडणुकाही झाल्या. घटनेची ७३ वी दुरुस्ती त्यानंतर सहा वर्षांनी, १९९३ मध्ये, लागू झाली. २०१० पासून राज्यात पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणजे औराद, भालकी, आळंद तालुक्यांत आज पन्नाशीच्या आतबाहेर असलेल्या कितीतरी बायका अध्यक्ष किंवा सदस्य होऊन गेल्या आहेत.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भिंतीवर आजवरच्या अध्यक्षांच्या नावांचा फळा असतो. वरच्या ओळींत सगळे राव आणि पाटील, खालच्या ओळींत मधून मधून बाई. फळ्याखालच्या टेबलावर फोन नंबरांचा कागद चिकटवलेला असतो, आणि कित्येक ठिकाणी बाईच्या नावापुढे नंबर यजमानांचा. सीमाभागात आणखी एक गाठ पडते. मराठी शाळेत सातवी-दहावी झालेल्या बाईपुढे ठराववही येते ती कन्नडात, नोटीस कन्नडात, पंचायत विकास अधिकाऱ्याचे (पीडीओचे) पत्र कन्नडात. कन्नड ती बाजारात, शेतात सहज बोलते, पण सरकारी कागदाची भाषा वेगळीच. कोणीतरी वाचून दाखवेपर्यंत तिने सही करायची की थांबायचे? ज्या थांबल्या, ‘आधी वाचून दाखवा’ म्हणाल्या, त्यांच्यावर कारभार अडवल्याचा ठपका आला. ज्यांनी सही केली, त्यांना पुढे चौकशीला तोंड द्यावे लागले. तरीही दुसऱ्या खेपेला उभी राहणारी बाई वेगळी असते. तिला नरेगाची हजेरी कळते, कामाची मापे कळतात, तालुक्याला कोणाच्या टेबलावर कागद अडतो ते कळते. दिल्लीचा रस्ता इथूनच निघतो.

हा रस्ता मधेच खणून ठेवलेला आहे. जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०१६ मध्ये झाल्या, २०२१ मध्ये मुदत संपली, आणि त्यानंतर मतदारसंघांची आखणी, आरक्षण, न्यायालय यांत त्या वर्षानुवर्षे रखडल्या. ग्रामपंचायतीत तयार झालेल्या बाईने विधानसभेआधी जायचे कुठे? पुरुष कार्यकर्त्याला साखर कारखाना असतो, डीसीसी बँक असते, एपीएमसी असते, मठ-मंदिराची समिती असते. बाईच्या हाती आरक्षणाने आलेली एकच पायरी होती, जिल्हा पंचायत. तीच काढून घेतली गेली, आणि त्याचा फारसा गाजावाजाही झाला नाही.

मतदार म्हणून मात्र बाईची किंमत दोन्ही राज्यांना कळली आहे. इकडे २०२३ पासून गृहलक्ष्मीचे दरमहा दोन हजार आणि एसटीचा मोफत प्रवास, तिकडे २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार. उमरग्याची आणि बसवकल्याणची बाई एकमेकींना आपापल्या हप्त्याची तारीख विचारतात. या पैशाने घरात तिचा शब्द वाढला हे खरे आहे, आणि त्याला नावे ठेवणे सुखवस्तू माणसाला शोभत नाही. पण जिच्या मतावर सरकारे येतात-जातात तिला तिकीट द्यायची वेळ आली की ‘जिंकून येण्याची क्षमता’ पाहिली जाते.

ती क्षमता तिकीट दिल्यावरच कळते, याचे पुरावे आहेत. ओडिशात २०१९ मध्ये नवीन पटनायकांनी एकवीसपैकी सात जागी स्त्रिया उभ्या केल्या. पाच जिंकल्या, भाजपच्या दोन जिंकल्या, आणि ओडिशाचे एक तृतीयांश खासदार स्त्रिया झाले. मेक्सिकोत कायद्यानेच पक्षांवर निम्म्या उमेदवार स्त्रिया देण्याचे बंधन आले. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, तिथल्या अध्यक्षपदाची मुख्य लढत क्लाउडिया शेनबाउम आणि सोचित्ल गाल्वेझ या दोन स्त्रियांतच झाली. अमेरिकेत असे बंधन नाही. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा अठ्ठावीस लाखांहून जास्त मते मिळूनही अध्यक्षपद मिळाले नाही, २०२४ मध्ये कमला हॅरिस हरल्या, आणि तिथे अजून ‘देश बाईसाठी तयार आहे का’ याचीच चर्चा चालते. भारताने तो प्रश्न १९६६ मध्येच निकालात काढला होता. तरी २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी स्त्रिया चौऱ्याहत्तरच.

लोकसभेतल्या आरक्षणाचे विधेयक पहिल्यांदा आणले ते कर्नाटकच्याच माणसाने. एच. डी. देवेगौडा पंतप्रधान असताना १२ सप्टेंबर १९९६ ला ते मांडले गेले. गीता मुखर्जींच्या समितीने त्यावर काम केले, सरकार पडले, विधेयक बारगळले. मार्च २०१० मध्ये राज्यसभेने मंजूर केले, लोकसभेत ते आलेच नाही. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये, सत्तावीस वर्षांनी, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी ते संमत झाले. पण अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेनंतर. एक तृतीयांश जागा राखीव होतील आणि त्या आलटून पालटून फिरतील. म्हणजे बीदर किंवा कलबुर्गी कधी ना कधी स्त्रीसाठी राखीव होणार, हे आता जवळपास ठरलेले आहे.

त्या दिवशी काय होईल हे इथल्या प्रत्येक कार्यकर्त्याला आज सांगता येईल. ज्या घराची जागा राखीव होईल, त्या घरातली सून, लेक किंवा पत्नी चार दिवसांत फलकांवर झळकेल. तिच्यातही एखादी मख्दूमा-ए-जहाँ निघू शकते, त्याबद्दल मन कोते करू नये. पण औरादच्या एखाद्या ग्रामपंचायतीत दोन वेळा अध्यक्ष राहिलेल्या, कन्नड ठराव आता स्वतः वाचणाऱ्या, नरेगाच्या मजुरीसाठी तालुक्याला धडका मारणाऱ्या बाईचे नाव त्या यादीत असेल का, हे आत्ताच ठरते आहे. पक्षांच्या तालुका समित्या कोणाच्या हाती आहेत, त्यांच्या बैठका रात्री नऊ वाजता कोणाच्या वाड्यावर भरतात, तिथे बायकांना बोलावणे जाते की नाही, सभासद नोंदणीची पुस्तके कोणाकडे असतात, यावरून ठरते आहे. भालकी, बसवकल्याण, आळंदच्या मराठी मंडळांनी गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला जसे वर्गणीसाठी दार ठोठावावे, तसे सर्व पक्षांच्या जिल्हाध्यक्षांचे दार ठोठावून एवढे विचारावे: तुमच्या तालुका कार्यकारिणीत बायका किती, त्यांतल्या किती जणींच्या घरात आधी कोणी आमदार-खासदार नव्हता, आणि जिल्हा पंचायतीच्या निवडणुका जाहीर होतील तेव्हा त्यांतल्या कोणाला, कोणत्या सर्वसाधारण गटातून तिकीट देणार. उत्तर लेखी मागावे, मराठीत आणि कन्नडात, आणि ते गावच्या चावडीवर लावावे.